टिटवीचा पत्ता अक्षांश-रेखांशात

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. सुरुवातीला साखळी, मग प्लेन टेबल, शेवटी शेवटी उपग्रहावरून जागा टिपणारं रोव्हर. ऑस्ट्रेलियात असलेल्या पुतण्यानं मध्यंतरी फोनवर सांगितलं, की तिथल्या उजाड माळावरच्या एका गावाभोवती लोक मोबाईल घेऊन पक्ष्यांच्या नावांचे डबे शोधत हिंडतात. मला गंमत वाटली. हे तर माझंच काम, फक्त भांडणाशिवाय.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. त्याची सुरुवात अशी झाली: अमेरिकेचं लष्कर नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे. जागा 100 मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. 2 मे 2000 रोजी ती चूक काढून टाकली गेली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं जंगलात एक बादली दडवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांच्या आत ती सापडलीसुद्धा. नियम साधे: आतल्या वहीत नाव लिहायचं, काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवायचं, डबा जागच्या जागी.

आमच्या अंतरवाली सराटीचं नाव 2023 च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापासून साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. इथल्या शिवारातल्या पाखरांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. म्हणून येत्या पक्षी सप्ताहात गावातल्या पोरांसाठी असा खेळ आखतोय. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तोवर तूर फुललेली असते, ऊस उभा असतो आणि हिवाळी पाहुणे यायला लागलेले असतात.

उघड्या आभाळाखाली मोबाईल साधारण 5 मीटरपर्यंत जागा दाखवतो. बांधाच्या वादात 5 मीटर म्हणजे कोर्टाची पायरी. पाखरांच्या खेळाला तेवढं पुष्कळ.

पहिला मुक्काम विहिरीवरच्या बाभळीचा. सुगरणीची घरटी तिथं पाण्यावर लोंबतात. विणतो तो नर. अर्धं विणून झालं, की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते तसंच अर्धवट टांगलेलं राहतं. नोव्हेंबरात विणीचा हंगाम सरलेला असतो, वाळकी घरटी निवांत मोजता येतात. पोरांना प्रश्न दोन: अर्धवट किती? आणि होकायंत्र धरून सांगा, घरटी झाडाच्या कोणत्या अंगाला जास्त? नैऋत्येच्या पावसाचा मारा चुकवायला सुगरण बहुधा पूर्वेची बाजू धरते, असं पक्षी अभ्यासक सांगतात. आपल्या बाभळीवर ते खरं आहे का, हे पोरांनीच ठरवावं. घरट्याला हात मात्र लावायचा नाही.

पुढचं कोडं मला फार आवडतं: ‘ज्याचं मटणाचं दुकान काट्यावर टांगलेलं असतं, तो कोण?’ खाटीक. नाकतोडे, टोळ, क्वचित सरडाही बाभळीच्या काट्याला खोचून ठेवतो आणि सवडीनं खातो. म्हणजे डबा दडवायचा खेळ तो माणसाच्या कितीतरी आधीपासून खेळतोय.

टिटवीसाठी पडीक रानाचा बिंदू दिलाय. उन्हाळ्यात ती तिथं उघड्यावर ढेकळांत अंडी घालते. तेव्हा हा बिंदू खेळातून काढून टाकावा लागेल. नोव्हेंबरात काही अडचण नाही. कालव्याच्या कडेला शेपटी हलवत फिरणारा धोबी आणि तारेवर बसलेला खंड्या, ही सोपी ठिकाणं लहानग्यांसाठी.

डबे शिवारात ठेवणार नाही. बेवारस डबा दिसला की एक तर कुणी घरी नेतो, नाही तर पोलिसांना फोन जातो. ठिकाणी फक्त प्रश्न. सगळी उत्तरं जमली की त्यांतून शेवटचा आकडा निघेल आणि तो किराणा दुकानातल्या डब्यापाशी नेईल. शेतमालकांना आधी सांगून ठेवलंय. नाही तर मला मोबाईल धरून बांधावर बघितलं की शेजारचा विचारणारच, ‘मोजणी कुणी लावली?’

गोदावरीचं पात्र खेळातून वगळलंय. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. शेकाटे आणि बगळे काठावरूनच, दुर्बिणीतून.