सपाट देशातल्या लेकी आणि चार सेकंद

रॉटरडॅम, नेदरलँड्स

या देशात घाट नावाची चीज नाही. मुख्य भूमीवरची सगळ्यात उंच जागा जर्मनी आणि बेल्जियमच्या सीमेला टेकलेली आहे आणि तिची उंची अवघी ३२२ मीटर. अमरावती शहरच त्याहून उंचावर वसलंय, मालटेकडी चढायचीही गरज नाही. तरीही बायकांच्या सायकल शर्यतीत आल्प्सपासून पिरेनीजपर्यंत ज्यांचा धाक असतो, त्या पोरी बऱ्याचदा याच देशाच्या असतात. लिओन्टिन फान मोर्सेल, मारियान फोस, आना फान डेर ब्रेखेन, आनेमीक फान फ्लूटेन, डेमी फोलरिंग. आपल्याकडे शाळकरी पोराला कसोटीचे कप्तान पाठ असतात, तशी इथं ही नावं पाठ असतात.

घाट नसलेल्या देशात घाट चढणाऱ्या पोरी कशा तयार होतात, असं विचारलं की इथली माणसं एकच शब्द सांगतात: वारा. उत्तर समुद्रावरून येणारा वारा अडवायला इथं ना डोंगर, ना झाडी. समोरून आला तर सायकल जागची हलत नाही. आडवा आला तर पुढचीच्या अगदी मागे राहून भागत नाही, थोडं बाजूला सरकून तिच्या आडोशाला जावं लागतं. मग रस्त्यावर तिरकी रांग तयार होते. रस्ता संपला की त्या रांगेतली जागाही संपते, आणि जिला जागा मिळाली नाही ती मागे पडते. पुढचीच्या आडोशाला राहिलं तर जवळपास तिसरा हिस्सा ताकद वाचते, म्हणून सगळी झुंज त्या आडोशासाठी. इथली बारा वर्षांची पोरगी क्लबात हेच शिकते. गावोगावी सायकल क्लब आहेत आणि बऱ्याच क्लबांकडे स्वतःचा डांबरी फेरा आहे. त्यावर मोटारीला मज्जाव. तिथं पडलं तर गुडघाच फुटतो, मागून ट्रक येत नाही.

२०२४ साली बायकांची टूर द फ्रान्स फ्रान्सात नाही, या आमच्या रॉटरडॅमातून सुरू झाली. पॅरिस ऑलिंपिक ११ ऑगस्टला संपलं आणि १२ तारखेला ही शर्यत निघाली. २२ संघ, प्रत्येक संघात सात जणी, सात दिवसांत आठ टप्पे. पहिला टप्पा रॉटरडॅम ते हेग, १२३ किलोमीटर. वऱ्हाडच्या मापात सांगायचं तर अमरावतीहून निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत अकोला मागे टाकायचं आणि थेट बाळापूर गाठायचं. दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात दोन टप्पे: सकाळी डॉर्ड्रेख्ट ते रॉटरडॅम जवळपास ७० किलोमीटर आणि दुपारी शहरातच ६.३ किलोमीटरची एकेकटीची घड्याळी शर्यत.

ती दुपार मी संघांच्या बस उभ्या होत्या तिथं काढली. त्या दिवसांत ऊन असं होतं की डच माणसं हवालदिल. अकोल्याचा मे पाहिलेल्या बाईला त्याचं काय वाटणार! पण बघण्यासारखी एक गोष्ट होती. संघाची मालीशवाली बाई नायलॉनच्या लांब मोज्यांत बर्फाचे खडे भरत होती. मोजा भरला की वर गाठ. असे सात-आठ मोजे शीतपेटीत गेले. मग जाग्यावर सायकल मारून अंग तापवणाऱ्या पोरीच्या मानेमागे, जर्सीच्या आत, त्यातला एक सरकवला. बर्फ वितळत पाठीवरून खाली येतो. आपल्याकडे डोक्याला ओला दुपट्टा बांधतात, तोच हा हिशेब. बसवर मात्र कोट्यवधींच्या कंपन्यांची नावं रंगवलेली.

टप्प्यांच्या शर्यतीत रोज नवी शर्यत असली तरी घड्याळ एकच चालतं. रोजचा वेळ कालच्या वेळात मिळवायचा, आणि ज्या पोरीची बेरीज सगळ्यांत कमी तिला पिवळी जर्सी. रोज पहिल्या येणाऱ्या तिघींच्या वेळातून दहा, सहा आणि चार सेकंद वजा होतात, घड्याळी टप्पा सोडून. म्हणून एकही टप्पा न जिंकता सबंध शर्यत जिंकता येते. सात जणींपैकी सहा जणी मुळात स्वतःसाठी धावतच नाहीत. एक मागे जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणते आणि पाठीशी जर्सीत कोंबून पुन्हा पुढे येते. एक दिवसभर वारा खाते. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर एक आपलं चाक काढून देते. अशांना शर्यतीच्या भाषेत घरकामाच्या मोलकरणीचं नाव आहे आणि ते कुणी अपमान समजत नाही, उलट त्यावर पगार ठरतो. मला स्वतःला हा भाग जिंकणाऱ्या पोरीपेक्षा जास्त भावतो.

मूर्तिजापूरच्या मावशीला फोनवर हे सगळं रंगवून सांगत होते, तर तिनं मधेच विचारलं, "ते राहू दे. चार-चार तास सायकलवर, मग त्या पोरी बाथरूमला कुठं जातात?" शंभर पानी माहितीपत्रकात नसलेला प्रश्न. उत्तर असं की निघण्याआधी संघाच्या बसमध्ये रांग लागते. वाटेत निकड आली तर सगळा जथ्था न ठरवता सैल पडतो, काही जणी रस्त्याकडेला बसून येतात, त्या वेळी हल्ला करणं नीच समजतात आणि टीव्हीचा कॅमेरा तोंड फिरवतो. "म्हणजे आपल्या एसटीसारखंच," मावशी म्हणाली, "फक्त इथं थांबत नाही कोणी."

त्या वर्षीची शर्यत डच लोकांच्या जिवाला लागून राहिली ती पाचव्या टप्प्यामुळे. पिवळी जर्सी डेमी फोलरिंगच्या अंगावर होती. शेवटाला साधारण सहा किलोमीटर उरले असताना घोळक्यातल्या बऱ्याच जणी एका वळणावर कोसळल्या आणि फोलरिंगही पडली. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरांत कुणी पडलं तर तिला घोळक्याचाच वेळ मिळतो, असा नियम आहे. सहाव्या किलोमीटरवर तो लागू नाही. ती पावणेदोन मिनिटांच्या आसपास मागे पडली. तो टप्पा जिंकला तिच्याच संघातल्या ब्लांका वाशनं. आपली कप्तान मागे पडलेली असताना बाकीच्या थांबल्या का नाहीत, यावर इथल्या चहाच्या, म्हणजे कॉफीच्या टपऱ्यांवर आठवडाभर चर्चा चालली. डच माणूस तसा तोंडावर बोलणारा. त्यानं संघाच्या मॅनेजरांची टीव्हीवर सालटी काढली.

शेवटचा टप्पा आल्प द्युएझचा. १४ किलोमीटरही नाही असा चढ, त्यात २१ वळणं, आणि उंची साधारण ११०० मीटर कमवायची. समुद्रकाठावरून निघून एवढ्याशा अंतरात चिखलदऱ्याला पोचावं, एवढी ती उंची. तीही दीडशे किलोमीटरांच्या टप्प्याच्या शेवटी. फोलरिंगनं आधीच्याच घाटात हल्ला केला आणि माथ्यावर पहिली आली. पोलंडची कातार्झिना न्येविआदोमा १ मिनिट १ सेकंद मागून चौथी आली. सकाळी न्येविआदोमाकडे फोलरिंगवर १ मिनिट १५ सेकंदांची आघाडी होती. त्यातून ६१ वजा, पहिल्या क्रमांकाचे १० वजा. उरले चार, आणि तेवढ्यावर न्येविआदोमा जिंकली. सात दिवस, साडेनऊशे किलोमीटरच्या घरात अंतर आणि चार सेकंद. पुरुषांच्या शंभर वर्षांहून जुन्या टूरमध्येही एवढ्या थोडक्यात कुणी जिंकलेलं नाही.

आता थोडं कडू. ही शर्यत इथवर यायला फार वेळ लागला. ऑलिंपिकमध्ये पुरुष १८९६ पासून रस्त्यावर धावतात, बायकांना १९८४ उजाडावं लागलं. त्याच साली बायकांची टूर सुरू झाली, पुढे नाव बदलत, पैसा आटत ती बंदच पडली. मग २०१३ साली मारियान फोस आणि आणखी तिघींनी आयोजकांकडे अर्ज लावून धरला. एका दिवसाची शर्यत मिळाली, आणि पूर्ण टूर २०२२ साली. विजेतीला बक्षीस ५० हजार युरो, पुरुषाला पाच लाख. मोठ्या संघांतल्या पोरींना किमान पगार बांधून मिळाला तो २०२० पासून, सगळ्यांत खालच्या पायरीच्या संघांत अजून तेही नाही. फोस मात्र थांबली नाही. २०२५ च्या टूरचा पहिला टप्पा तिनं जिंकला तेव्हा ती ३८ वर्षांची होती.

इथले सायकलमार्ग पाहून पाहुण्यांना वाटतं, हे लोक असे जन्मलेच. तसं नाही. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं. त्यातून आयाबाया रस्त्यावर बसल्या, 'मुलांचे खून थांबवा' असंच चळवळीचं नाव ठेवलं. वेगळ्या सायकलमार्गांचं आजचं जाळं बरंचसं त्या भांडणातून आलं. आज दहा-बारा वर्षांच्या मुलांची शाळेत रस्त्याच्या नियमांची परीक्षा होते, प्रत्यक्ष सायकलवर. आमच्या भागात तुर्की आणि मोरोक्को मुळाच्या पन्नाशीच्या बायका सायकल शिकायला येतात, मैदानात पडतात, हसतात, उठतात.

आपल्याकडेही सायकल पोरींच्या हाती आली आहेच. मानव विकास कार्यक्रमातून धारणी-चिखलदऱ्यासारख्या तालुक्यांत शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना ती मिळते. पण ती शाळेपुरती. बारावी झाली की सायकल धाकट्याकडे, नाहीतर गोठ्यात. ज्या थोड्या पोरी पुढे जातात त्यांना अकादमी गाठावी लागते आणि तिथं बहुतेक करून बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यती. विदर्भातल्याच भंडारा जिल्ह्याच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात भारताकडून धावल्या, त्याही ट्रॅकवर. ट्रॅकवरच्या छोट्या शर्यती मिनिटाच्या आत-बाहेर संपतात. आठवडाभर रोज उठून पाय पुन्हा चालवायची सवय तिथं लागत नाही. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली, ४३७ किलोमीटरची. छान झाली म्हणतात. फक्त पुरुषांची होती.

तशीच बायकांची शर्यत आपल्या वऱ्हाडात घ्यायला काय हरकत आहे? रस्त्याची अडचण सांगू नका. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून आपण गिनीज बुकात नाव लावलं. (एका लेनच्या मापानं हं. दोन लेनचं धरलं तर साडेसदतीस.) तेवढ्या रस्त्यावर जाऊन-येऊन डॉर्ड्रेख्ट-रॉटरडॅमपेक्षा मोठा टप्पा होतो. अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्यांचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले खेळ दाखवून आला. शिकवायला माणसं आहेत, मैदानं आहेत.

आणि वाहतूक दिवसभर बंद ठेवायची नसते, हे इथं पाहून कळलं. पुढे मोटारसायकलवरचे मार्शल चौक अडवत जातात, मागून शेवटची गाडी गेली की रस्ता लगेच खुला. एखादं गाव थोडा वेळच अडतं. मूर्तिजापूरला सकाळी आठच्या आत सगळं आटपेल, आणि ट्रकवाल्यांना तोवर दर्यापूर-म्हैसांगवरून काढता येईल.