एक साथ, अनेक गळे

आतांच आपण एका ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ऐकला. त्यांत शब्द एकहि नव्हता. ऑर्गन, ढोल आणि त्यांच्या खालून संथपणें चालणारी खर्जांतील गिटार, एवढेंच. हें १९७३ सालचें 'स्टॅलाग १७'. जमैका बेटावरील निर्माते विन्स्टन रायली यांनीं तें मुद्रित करविलें. ऑर्गन वाजविला अन्सेल कॉलिन्स यांनीं. नांव मात्र १९५३ सालच्या एका अमेरिकन युद्धपटाचें आहे. त्यांतील कैद्यांच्या छावणीचा या सुरांशीं संबंध शोधूं नये.

अशा वाद्यसाथीला तिकडे 'रिडिम' म्हणतात. आपल्या नाटकांतील पदांवर 'चाल अमुक' असें छापलेलें असतें, त्याची येथें कोणास आठवण होईल. परंतु आपल्याकडे चाल तीच राहते आणि शब्द बदलतात. रिडिमवर शब्दहि नवे आणि चालहि नवी. सामाईक असते ती केवळ खालची साथ. जमैकांत मुद्रिकेच्या एका बाजूस गाणें व दुसऱ्या बाजूस त्याचीच गळा वगळलेली साथ देण्याची वहिवाट पडली. मोठाले ध्वनिवर्धक लावून भरणाऱ्या नृत्याच्या मेळाव्यांत ती रिकामी बाजू लागली कीं, ज्याच्या जिभेवर शब्द असतील त्यानें पुढें यावें! वादकांस पुन्हां बोलावण्याचा खर्चहि वांचे, आणि ही गोष्ट निर्माते विसरत नसत.

या साथीवर बिग यूथ तालांत बोलले. १९७९ सालीं जनरल एको यांचें 'आर्लीन' गाजलें. १९८५ सालीं टेनर सॉ या तरुणानें 'रिंग द अलार्म' गाइलें. प्रतिस्पर्धी मेळ्यास दिलेलें तें आव्हान आहे. पण आवाज असा कातर, कीं आव्हानाचा विलाप व्हावा. तीनच वर्षांनीं तो वारला.

माझ्या मतें या साथीचें खरें सोनें केलें तें सिस्टर नॅन्सी यांनीं. १९८२ सालीं त्यांच्या 'वन टू' या संग्रहास एक गाणें कमी पडत होतें, म्हणून शेवटीं 'बाम बाम' मुद्रित झालें. ध्रुपद टूट्स अँड द मेटल्स यांच्या १९६६ सालच्या गाण्यावरून घेतलेलें. बाकीचा बाणेदारपणा बाईंचा स्वतःचा. पुरुषांच्या या क्षेत्रांत त्यांना तो लागतच होता.

गाणें जगभर गेलें. चित्रपटांत वाजलें, इतरांनीं त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत जोडले. बाई मात्र १९९६ सालीं अमेरिकेंत गेल्या आणि तेथें एका बँकेंत हिशेब लिहीत होत्या! त्यांच्या सांगण्याप्रमाणें तीस वर्षांहून अधिक काळ या गाण्याचा मोबदला त्यांना मिळाला नाहीं. जमैकांत १९११ सालचा ब्रिटिश स्वामित्वाचा कायदाच १९९३ पर्यंत चालू होता, आणि मुद्रणाच्या वेळीं लेखी करार करण्याची तेथें फारशी चाल नव्हती. २०१४ सालीं बुटांच्या एका जाहिरातींत आपलें गाणें ऐकून त्यांनीं वकील गांठला. रायली २०१२ सालींच निवर्तले होते. अखेर अर्धा हक्क बाईंना मिळाला, आणि मागील बाकी मिळाली ती दहा वर्षांची.

आतां तेंच 'बाम बाम' आपण ऐकूं या. बाई गाऊं लागल्या तरी श्रोत्यांनीं थोडें लक्ष खालच्या साथीकडेहि असूं द्यावें.