जर्मनीला निघालेला कुत्रा

पुण्यातल्या एका दवाखान्यात स्टीलच्या टेबलावर एक तांबूस देशी कुत्रा अंग चोरून उभा आहे. डॉक्टर त्याच्या मानेवरून स्कॅनर फिरवतात, पण काहीच होत नाही. कातडीखालची चिप जरा सरकलेली असते. खांद्याजवळ गेल्यावर बीप वाजतो आणि पडद्यावर १५ आकडे उमटतात. डॉक्टर ते मोठ्याने वाचतात, मालकीणबाई लसीच्या पुस्तिकेशी ताडून बघतात. मगच पायावरचे केस काढून सुई टोचली जाते. नळीतलं रक्त गोठू द्यायचं, यंत्रात फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं काढायचं, त्यावर तोच १५ आकडी नंबर लिहायचा आणि बर्फाच्या पिशव्यांत बांधून ते पाठवायचं.

हे कुटुंब नोकरीनिमित्त जर्मनीला निघालं आहे. माणसांच्या तिकिटांची तारीख या नळीवर अवलंबून आहे.

युरोपीय संघाचा नियम क्रमाचा आहे. आधी चिप, मग रेबीजची लस. वर्षानुवर्षं न चुकता लस टोचलेली असली, पण चिप नंतर बसवली असली, तर त्या जुन्या लशी जमेस धरत नाहीत; टोचलेला कुत्रा हाच कशावरून, असा साधा सवाल असतो. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत टायटर टेस्ट करायची. दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट एवढी प्रतिपिंडं भरली, की तीन महिने थांबायचं. हे तीन महिने रक्त घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नव्हे. पिल्लाला १२ आठवड्यांआधी लस चालत नाही, म्हणजे ते जर्मनीत पोचेपर्यंत सात महिन्यांचं होतं.

मालकांना हे थांबणं जुलमाचं वाटतं. टेस्ट पास झाली, मग आता कशाला? पण रेबीजचा विषाणू चावल्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिनेही गप्प राहतो. लसीच्या आधीच तो शरीरात शिरला असेल, तर या काळात बहुधा लक्षणं दिसतात. भारतात रेबीज आहे आणि संघाच्या सवलतीच्या यादीत भारत नाही, म्हणून ही कसोटी. जपान तर १८० दिवस थांबवतं. ब्रिटनमध्ये २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्याला सरसकट सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. त्या मानाने घरच्या सोफ्यावरचे तीन महिने काहीच नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा दरवाजा सगळ्यांत जड. भारतातून तिथे कुत्रा थेट नेताच येत नाही. २०१५ मध्ये हॉलिवूड कलाकार जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी आपले दोन यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून न कळवता नेले, तेव्हा कृषिमंत्री बार्नाबी जॉइस यांनी कुत्रे परत न्या, नाहीतर ते मारावे लागतील, असं बजावलं. पुढे खोटी माहिती भरल्याबद्दल हर्ड यांना कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला.

शेवटचा टप्पा घाईचा. युरोपात पोचण्याआधीच्या दहा दिवसांत सरकारी पशुवैद्याचा सही-शिक्का असलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं. त्यासाठी पुणेकरांना मुंबईचं केंद्र सरकारी पशु क्वारंटाइन कार्यालय गाठावं लागतं. पिंजराही असा, की कुत्र्याला आत नीट उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. तो महिनाभर आधीच घरात आणून ठेवलेला बरा; जेवणाची ताटली आत सरकवली की कुत्रा आपणहून शिरतो. पग किंवा बुलडॉगचे हाल वेगळेच. चपट्या नाकामुळे विमानात त्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून बऱ्याच विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत.

जर्मनीत गेल्यावर बूस्टर मुदतीत घेत राहिलं, तर टायटर टेस्ट पुन्हा करावी लागत नाही. मुदत एका दिवसाने जरी हुकली आणि त्यानंतर कुत्रा सुट्टीत पुण्याला आणला, तर परतताना पुन्हा लस, ३० दिवस, रक्त आणि तीन महिने.