सेकंडहँड ‘ट्रायल’ बाइक घेताय? आधी तिचं पोट बघा!

ट्रायल बाइकला बसण्यासारखी सीटच नसते! स्वार पूर्ण वेळ फूटरेस्टवर उभा. गाडीचं वजन सत्तर किलोच्या आसपास, पेट्रोलची टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची. मागच्या टायरमध्ये हवा किती? चार-पाच पीएसआय! रोजच्या गाडीत एवढीच हवा दिसली तर आपण ती ढकलत पंक्चरवाल्याकडे नेऊ. इथे मात्र तोच मऊ टायर दगडाला चिकटून वर चढतो.

ट्रायल या खेळात वेगाला मोल नाही, तोलाला आहे. एका टप्प्यात पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला की तीन. टप्पा पुरा झालाच नाही तर थेट पाच. आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला! १९६४ मध्ये स्पेनच्या बुल्टाको कंपनीने सॅमी मिलर या बेलफास्टच्या स्वाराला हाताशी धरून हलकी टू-स्ट्रोक गाडी काढली. तिचं नाव शेर्पा टी. पुढच्याच वर्षी मिलरने तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली आणि वजनदार ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले.

आपल्याकडे, उदाहरणार्थ जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीत, अस्सल ट्रायल बाइक विकायला निघणं कठीणच. त्यातल्या त्यात जवळची गाडी म्हणजे २०१९ मध्ये आलेली हिरो एक्सपल्स २००. तिची चाकं पुढे २१ इंच, मागे १८. ट्रायल बाइकचीही नेमकी हीच मापं! जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. वजन मात्र दीडशे किलोच्या वर, म्हणून ती आपटली की मार जोराचा लागतो.

दगडधोंड्यांतून फिरलेल्या गाडीचं किलोमीटरचं रीडिंग फार काही सांगत नाही. हजारभर किलोमीटर चालून शंभरदा पडलेली गाडी वीस हजार किलोमीटर सरळ डांबरावर धावलेल्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असते. म्हणून खाली वाका आणि पोट बघा. इंजिनाखालच्या पत्र्याला पोचे असणारच, तो त्यासाठीच आहे. पण पोचा इंजिनापर्यंत पोचलाय का? केसिंगवर तेलाचा ओलावा आहे का? फूटरेस्टच्या ब्रॅकेटजवळ नवं वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तो का मारला, ते विचारा.

माझी एक आग्रहाची विनंती: गाडी धुवायच्या आधी बघायला मागा. काळ्या मातीचा चिखल बेअरिंगच्या सीलपाशी जाऊन बसतो आणि जोरदार फवाऱ्याने धुतली तर पाणीही आत शिरतं. चकचकीत गाडीत हे दिसत नाही, हाताला मात्र कळतं. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडखळलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेले. मागचं चाक आडवं हलवा; खडखडलं तर चिमट्याचे (स्विंगआर्मचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग संपले. मग पान्याने एकेक आरा वाजवा. घट्ट आरा टणकन बोलतो, सैल आरा बद्द. एअर फिल्टर उघडून पलीकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर ती इंजिनानेही खाल्लेली आहे, आणि तो खर्च सगळ्यात मोठा.

इंजिन गारच हवं, तुम्ही पोचायच्या आधी तापवून ठेवलेलं नको. सुरू होण्यातली कुरकुर गार इंजिनातच ऐकू येते.

कागदांचं थोडक्यात: हँडलच्या मुळाशी कोरलेला चेसी नंबर आरसीशी ताडून पाहा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ही. एमपी २० ची, म्हणजे जबलपूर पासिंगची, गाडी नागपूरला नेणार असाल तर फॉर्म २८ ची एनओसी हवीच. नाव बदलायला घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात.

पैसे देण्याआधी मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये, फूटरेस्टवर उभं राहून इंग्रजी आठाचा आकडा काढा, अगदी सावकाश. मग सरळ जाताना हँडलवरची पकड सैल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर फोर्क किंवा चेसी वाकल्याचा दाट संशय घ्या, आणि जाणत्या मेकॅनिकने तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.