विश्लेषण : जीपीएसच्या काळात शिडाची जहाजे आणि दीपगृहे हवीत कशाला?

इटलीच्या नौदलाचे ‘अमेरिगो वेस्पुची’ हे जहाज २०२४च्या नोव्हेंबरअखेर मुंबई बंदरात आले होते. काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे, तीन डोलकाठ्या आणि वय नव्वदीपार. १९३१ मध्ये पाण्यात उतरलेले हे जहाज आजही कॅडेटना घेऊन जगभर फिरते. त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९६२ मध्ये भूमध्य समुद्रात अमेरिकेच्या ‘इंडिपेन्डन्स’ या विमानवाहू नौकेने दिव्याच्या उघडझापेने त्याची ओळख विचारली. उत्तर मिळाल्यावर ‘तुम्ही जगातले सर्वांत सुंदर जहाज आहात’ अशा अर्थाचा संदेश परत आला. शीड आणि दिवा, दोन्ही केव्हाच कालबाह्य झाले असे मानले जाते. तरी त्यांना पाहायला माणसे किनाऱ्यावर जातात, दीपगृहाचा जिना चढतात.

‘टॉल शिप’ कोणत्या जहाजाला म्हणतात?

ही जहाजबांधणीतली काटेकोर संज्ञा नाही. उंच डोलकाठ्यांचे, पारंपरिक शिडांचे मोठे जहाज इतकाच तिचा ढोबळ अर्थ. १९५६ मध्ये इंग्लंडमधील टॉरबे ते पोर्तुगालमधील लिस्बन अशी शिडाच्या प्रशिक्षण जहाजांची शर्यत झाली. अशा जहाजांना दिलेला तो अखेरचा निरोप ठरेल, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात शर्यती सुरूच राहिल्या आणि ‘टॉल शिप’ हा शब्द त्यांच्यामुळे घरोघरी पोहोचला. या शर्यतींच्या नियमानुसार जहाजावरचे निम्मे तरी लोक १५ ते २५ वर्षांचे असावे लागतात.

भारतीय नौदलाकडे ‘आयएनएस तरंगिणी’ (१९९७) आणि ‘आयएनएस सुदर्शिनी’ (२०१२) अशी दोन प्रशिक्षण जहाजे आहेत. दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, प्रत्येकी तीन डोलकाठ्यांची. ५४ मीटर लांबीच्या ‘तरंगिणी’ला २० शिडे आहेत. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंजिन असूनही कॅडेटना दोर ओढायला, डोलकाठीवर चढायला लावतात. वारा कोणत्या बाजूने फिरला हे पडद्यावर वाचणे आणि हातातल्या दोराला बसलेल्या हिसक्यावरून कळणे यांत फरक आहे, आणि तो वर्गात शिकवता येत नाही.

दूरवरचे जहाज ओळखायचे कसे?

इथेच पाहण्याची खरी गंमत आहे. डोलकाठीवर आडव्या काठ्या आणि त्यांवर चौकोनी शिडे असतील, तर ती मागून येणाऱ्या वाऱ्यासाठी उत्तम. जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली शिडे बाजूच्या वाऱ्यावर चांगली चालतात. तिन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे असतील तर ते ‘फुल रिग्ड’ जहाज. ‘वेस्पुची’ त्या जातीचे. शेवटच्या डोलकाठीवर आडव्या काठ्या नसतील तर ‘बार्क’, म्हणजे आपल्या ‘तरंगिणी’ची जात. एवढे दोन प्रश्न विचारता आले तरी क्षितिजावरचे जहाज निव्वळ ‘शिडाचे काहीतरी’ राहत नाही.

पृथ्वी गोल असल्याने वाळूत उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असते. पण ३० मीटर उंच डोलकाठीचे टोक, हवा स्वच्छ असेल तर, सुमारे २५ किलोमीटरवरूनही क्षितिजावर डोकावू शकते. जहाजाचा सांगाडा मात्र बराच जवळ आल्यावर वर येतो. म्हणून आधी शेंडे, मग शिडे, मग जहाज. दुर्बीण असेल तर हा क्रम स्पष्ट दिसतो.

मग दीपगृह उंच असण्याचे कारणही तेच?

तेच, फक्त उलट बाजूने. दिवा समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंच असेल तर त्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर जाते. महत्त्व मनोऱ्याच्या नव्हे, समुद्रापासून दिव्याच्या उंचीला. म्हणून टेकडीवरचे दीपगृह बुटके असले तरी चालते. कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे खडकावर उभ्या असलेल्या १८७५च्या प्राँग्ज दीपगृहाला मात्र सगळी उंची दगडांतूनच उभारावी लागली.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. जुन्या दीपगृहांत दिवा सहसा उघडझाप करत नाही. तो सतत जळतो आणि त्याच्याभोवती काचांचे भिंग फिरते. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी एका जाड भिंगाऐवजी काचेच्या कड्यांची रचना केली, ती १८२३ मध्ये कोर्डुआन दीपगृहात प्रथम बसवली गेली. विखुरणारा उजेड त्यामुळे झोतात एकवटला. फिरणारा झोत डोळ्यांवरून जातो तेव्हा चमक दिसते. दोन चमकांमधला वेळ, त्यांचे गट आणि रंग यावरून प्रत्येक दिव्याची वेगळी ओळख ठरते आणि ती नाविकांच्या पुस्तकात नोंदलेली असते. तांडेलाला अंधारात ‘दिवा दिसला’ एवढे पुरत नाही. कोणता दिवा, हे कळावे लागते. किनाऱ्यावर बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हा काळ मोजता येतो. मुलांना हा खेळ फार आवडतो.

जीपीएस असताना गरज उरली आहे का?

मोठ्या जहाजांना पूर्वीइतकी नाही. पण बाल्टिक समुद्र आणि पर्शियन आखातात उपग्रह संदेशांत अडथळे आणण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत वारंवार घडले. पडदा खोटे बोलू लागला की खिडकीबाहेरच्या दिव्याशी ताडून पाहणे हाच उपाय उरतो. लहान मासेमारी नौकांसाठी तर तो रोजचा व्यवहार.

भारतात १९२७च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१च्या नव्या कायद्याने घेतली आणि त्यात ‘वारसा दीपगृह’ ही तरतूद आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५ दीपगृहे पर्यटनासाठी लोकार्पित झाली. उपक्रम चांगला आहे, पण त्यात एक धोकाही आहे. खाली उपाहारगृह, वर सेल्फीचा कठडा आणि दिव्याबद्दल एक शब्द नाही, असे झाले तर दीपगृह आणि पाण्याची टाकी यांत फरक तो काय? भिंग कसे फिरते हे दाखवणारा जाणता कर्मचारी तिथे असणे रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाचे.

पाहायला कुठे जाता येईल?

गोव्यात आग्वाद किल्ल्यावर १८६४चे जुने दीपगृह आहे. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि शेजारच्या नव्याने काम हाती घेतले. दोन्ही एकाच फेरीत पाहता येतात. देशातला पहिला दीपगृह महोत्सव सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच झाला. खांदेरीवरचे १८६७चे दीपगृह आज कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. याच पाण्यात त्यांच्या गुराबा आणि गलबतांचा दरारा होता. खांदेरी किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाला. अलिबागजवळच्या थळहून होडीने तिथे जाता येते. पावसाळ्याचे महिने मात्र टाळावेत.

अनेक दीपगृहांत पर्यटकांना दुपारनंतर थोडाच वेळ प्रवेश असतो, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्यावी. शेवटच्या टप्प्यात उभी शिडी असते, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. दिवसा भिंगाभोवती पडदे दिसले तर नवल नको. तेच भिंग उन्हाचाही झोत करते आणि त्याने आतली यंत्रणा जळू शकते. दिवा लागायच्या आधी बहुधा बाहेर पडावे लागते. म्हणून वर चढणे दुपारी, आणि दिवा पाहणे अंधार पडल्यावर किनाऱ्यावरून. खांदेरीचा थळच्या वाळूत बसून दिसतो.