कोल्हापुरीची वाट अडते कुठे?

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची चामडी चप्पल दिसली आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. चप्पल कोल्हापुरी वळणाची, पण कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नाही. पुढे कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा मान्य केली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर महामंडळ यांच्याशी करारही केला. जाहीर झाल्याप्रमाणे जोड सुमारे 2,000 आणि एका जोडाची किंमत 800 युरोंच्या आसपास. कोल्हापुरात हजार-दीड हजार रुपयांत चांगला जोड मिळतो.

गिऱ्हाईक नाही, अशी या धंद्याची तक्रार कधीच नव्हती. 1970 च्या दशकात हिप्पींच्या पायांतून ही चप्पल युरोप-अमेरिकेत पोचली होती. अडतं ते कातडं आणि कंटेनर यांच्या मधल्या वाटेवर. तिथे लक्ष दिलं नाही तर कितीही करार झाले तरी कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या कारागिराच्या हाती फारसं काही लागणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

वाट सुरू होते कातडं कमावण्यापासून. चुन्याच्या पाण्यात कातडं भिजवायचं, केस आणि मांस खरवडून काढायचं, मग कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि तिच्यात बाभळीची साल नि हिरडा यांचं पाणी भरायचं. पाणी झिरपत राहतं, ते पुन्हा वरून ओतायचं. महिना-दीड महिना हे चालतं. यात क्रोमियमचा थेंब नाही. कोल्हापुरीचा तो मधासारखा रंग, वापरता वापरता पायाचा आकार घेणारा तळ, हे सगळं या सालीचं देणं. हे काम पिढ्यान्पिढ्या ढोर समाजाने केलं. दुर्गंधी आणि हेटाळणी त्यांच्या वाट्याला आली, नाव मात्र चपलेला मिळालं. आज पिशवी पद्धतीने कातडं कमावणारे मोजकेच उरले आहेत.

त्यात कच्च्या मालाचीच ओढाताण. 2015 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कर्नाटकात 2021 पासून तेरा वर्षांवरची म्हैसच तेवढी कायद्यात बसते. म्हशीचं कातडं कायदेशीर असलं तरी ते गाडीत घालून नेताना वाटेत कोण अडवेल, या धास्तीने वाहतूकदार हात आखडता घेतात. मग चेन्नईकडून कमावलेलं कातडं मागवायचं, भाडं भरायचं आणि चढा भावही सोसायचा.

चप्पल बांधण्याचं काम जवळून पाहिलं की घाई इथे का चालत नाही ते कळतं. रापीने तळ कापतात, ओला करून ठोकून घट्ट करतात. दोन थरांच्या मध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवतात, आरीने भोक पाडून कातड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल जोडात खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायका विणतात आणि त्यांच्या मजुरीचा हिशेब सहसा वेगळा धरलाच जात नाही. पावसाळ्यात तळ वाळत नाही, म्हणून काम मंदावतं. नेमक्या त्याच महिन्यांत परदेशातल्या पुढच्या हंगामाचा माल मागितला जातो.

निर्यातीची परीक्षा पुढे आहे. सालीने कमावलेल्या कातड्याला दमट हवेत बुरशी लवकर धरते आणि न्हावाशेव्याहून निघालेलं कंटेनर आठवडेच्या आठवडे समुद्रावर असतं. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास आणखी लांबला. पूर्वी बुटांच्या खोक्यात बुरशीनाशकाच्या पुड्या टाकत. त्यातल्या डायमिथाइल फ्युमरेटने लोकांच्या त्वचेला इजा झाली, म्हणून 2009 मध्ये युरोपने ते बंद केलं. आता माल पूर्ण वाळवून, कोरड्या जागी बांधणं हाच उपाय आणि तशी जागा घरगुती कारागिराकडे नसते. क्रोमियमबाबत युरोपचा नियम फार कडक आहे. तिथे आपली बाभळीची साल जमेची बाजू ठरते. पण ते सिद्ध करायला प्रयोगशाळेचा दाखला लागतो आणि त्याचा खर्च पन्नास जोडांच्या मालाला झेपत नाही.

मापाचंही तसंच. एकाच आकड्याचे पाचशे जोड पाच घरांतून आले तर पाच तऱ्हा होतात. गावच्या गिऱ्हाइकाला चप्पल पायात घालून बघता येते, परदेशातल्या दुकानाला आकड्यावर विसंबावं लागतं. सारखे साचे, सारखी जाडी आणि तपासणी एका छताखाली झाली तर हे सुटू शकतं. कर्नाटकातल्या अथणीच्या 'टोहोल्ड' या संस्थेने कारागीर बायकांना एकत्र आणून निर्यातीचा माल करून दाखवला आहेच.

पैशाची कोंडी सगळ्यात जुनी. कातडं रोखीने घ्यायचं, परदेशातले पैसे मात्र बरेचदा माल पोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी. मधला काळ काढायला कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि भाव ठरवायचा अधिकार तिथेच गमावतो. भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळालं, हे मोठंच काम झालं. मात्र कायद्याने प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती झाली नाही तर मानांकनाचं नाव लावण्याचा हक्क त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यातच 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा चर्मोद्योगाला मोठा फटका बसला. उलट जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात पादत्राणांवरचं शुल्क हटवायचं ठरलं आहे.

दोन्ही महामंडळांनी आणि सरकारांनी आधी तीन गोष्टी कराव्यात: कातडं कमावण्याचे सामाईक कारखाने, वाळवणी-तपासणी-बांधणीचं केंद्र आणि ऑर्डर हाती असलेल्या कारागिराला स्वस्त व्याजाचं खेळतं भांडवल. आणि आपण पुढची जोडी घेताना दुकानदाराला विचारावं, ही कुठल्या गावात, कुणी बांधली आणि त्याची नोंदणी झाली आहे का.