तैलरंगाचा डबा आणि हवेचा कारभार

गणपतीपूर्वी किंवा दिवाळीपूर्वी दारे, खिडक्यांचे गज आणि जिन्याचे कठडे रंगविण्याचा संकल्प ज्या घरात सोडला जातो, त्या घरात दुसऱ्या दिवशी फरशीवर दिसणारे हिरवे-तपकिरी ठिपके, डब्याच्या अंगावरून ओघळून खालच्या वर्तमानपत्राला चिकटून बसलेला रंग आणि वर्षभराने माळ्यावरून उतरविलेल्या त्याच डब्यात आढळणारी जाड साय, या तिन्हींचा ठपका बहुधा एकाच इसमावर ठेवला जातो, आणि तो म्हणजे रंगारी. त्याचा हात जड, त्याचे लक्ष भलतीकडे, झाकण लावायची त्याला शुद्ध नाही, अशी ही नेहमीची फिर्याद. ती सर्वस्वी खोटी असते असे मी म्हणणार नाही. परंतु या मामल्याची रुजुवात नीट केली तर मुख्य आरोपी हवा ठरते, आणि तिच्या स्वभावाविषयी आपण बाळगलेले गैरसमज तिचे साथीदार ठरतात.

पहिला आणि बाकीच्या बहुतेकांचे मूळ असलेला गैरसमज असा की, दोरीवरचे धोतर जसे वाळते तसाच रंगही वाळतो. बाजारात ज्याला ऑइल पेंट किंवा इनॅमल म्हणतात त्या रंगातील टर्पेंटाइन प्रथम उडून जाते, एवढ्यापुरती ही समजूत बरोबर आहे. परंतु रंगाला कठीणपणा येतो तो त्यानंतर, त्यातील तैलांश हवेतील प्राणवायूशी संयोग पावून त्याचे रेणू परस्परांत जाळ्यासारखे गुंफले जातात तेव्हा. ही क्रिया त्वरेने व्हावी म्हणून कारखान्यातच कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार रंगात अल्प प्रमाणात मिसळलेले असतात. याचा अर्थ असा की, भिंतीवर जे व्हावे अशी आपली इच्छा असते, तेच डब्यात होऊ नये यासाठी बंदोबस्त करावा लागतो.

आता ओतण्याकडे वळू. थिनर किंवा टर्पेंटाइनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याचे तोंड मधोमध नसून एका कडेला असते, आणि ते भांड्याच्या जवळ यावे अशा रीतीने, म्हणजे तोंडाची बाजू खाली करून, डबा कलता करणे हेच बहुतेकांना स्वाभाविक वाटते. वस्तुतः तसे केले की तोंड द्रवाने पूर्ण भरून जाते, आत हवा शिरायला वाट उरत नाही, मग ती मध्ये मध्ये धक्के देत शिरते आणि द्रव गुटगुट करीत चहूकडे उडतो. डबा फिरवून तोंडाची बाजू वर येईल असा धरावा. म्हणजे द्रव तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागातून संथपणे वाहतो आणि वरच्या अर्ध्या भागातून हवा निमूटपणे आत जाते. पाहणाऱ्यास ही पद्धत उफराटी वाटते, परंतु एकवार करून पाहिल्यावर तिच्याविषयी वाद घालणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही.

रंगाच्या गोल डब्याची गोष्ट निराळी. तेथे प्रचलित उपदेश असा की, सावकाश, अगदी बारीक धारेने ओतावे, म्हणजे सांडत नाही. हा उपदेश सांडण्याचे निमित्त होतो. धार मंद असली की तिला काठ सोडून पुढे झेप घेण्याइतका वेग नसतो. ती काठाला वळसा घालून डब्याच्या अंगावरून खाली उतरते. चहाच्या किटलीच्या तोटीवरून हाच प्रकार नित्य घडतो, आणि १९५६ साली मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने त्याकडे लक्ष वेधल्यापासून प्रवाहशास्त्रातील मोठमोठ्या मंडळींनी त्यावर गणिते मांडली आहेत. रंगाच्या बाबतीत अडचण अधिक, कारण टर्पेंटाइनचा पृष्ठताण पाण्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असल्याने ते पत्र्याला सहज आणि सर्वांगाने भिजवते. म्हणून धार भरदार आणि अखंड असावी, थांबवायची तेव्हा मनगट झटकन वळवून डबा उभा करावा, आणि काठावर रेंगाळलेला शेवटचा थेंब कुंचल्याने आतल्या बाजूस पुसून घ्यावा.

झाकण बसते त्या खोबणीत रंग साचतो म्हणून तीत खिळ्याने भोके पाडण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे, आणि तिचा गुण मला मान्य आहे: साचलेला रंग डब्यात परत गळतो. परंतु झाकणाची घट्ट पकड खोबणीच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही भिंतींवर अवलंबून असते, आणि भोके पाडताच आतल्या भिंतीची राखण संपते. डबा चार दिवसांत संपणार असेल तर भोके खुशाल पाडावीत. वर्षभर ठेवायचा असेल तर खोबणीवर चिकटपट्टी लावून मग ओतावे, किंवा त्याहून सोपे म्हणजे जुन्या पळीने लहान भांड्यात रंग काढून घ्यावा आणि मूळ डब्यात कुंचला बुडवूच नये. रंग निथळणारा कुंचला हाती धरलेला गट्टू, जो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी चितारला, तो जाहिरातीत शोभून दिसत असे. घरात तो नसलेला बरा.

झाकण बंद करण्याआधी खोबणी फडक्याने पुसावी, वर लाकडाची फळी आडवी ठेवावी आणि त्या फळीवर ठोकावे. थेट हातोडीने एकाच कडेला ठोकले किंवा उघडताना स्क्रू ड्रायव्हरने एकाच जागी उचकटले, तर झाकण वाकते, आणि वाकलेले झाकण पुढे कितीही ठोकले तरी हवेला अटकाव करीत नाही.

यापुढचा समज असा की, डबा उलटा ठेवला म्हणजे साय धरत नाही. साय हवेच्या संपर्कात असलेल्या पृष्ठभागावर धरते, आणि डबा उलटा केला तरी आत कोंडलेली हवा नाहीशी होत नाही. ती फक्त दुसऱ्या टोकाला जाते. लाभ एवढाच की साय तळाशी तयार होते आणि डबा सरळ करून उघडल्यावर ती नजरेआड राहून ढवळताना तुकड्यातुकड्यांनी रंगात मिसळते. शिवाय रंगद्रव्याचा गाळ झाकणावर बसतो, आणि झाकण किंचित सैल असले तर ज्वालाग्राही द्रव माळ्यावर पाझरू लागतो. ही चाल सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा उपाय हवा कमी करण्याचा आहे. चार लिटरच्या डब्यात अर्धा लिटर रंग उरला असेल तर उरलेल्या साडेतीन लिटर जागेत सुमारे पाऊण लिटर प्राणवायू त्या रंगाच्या राशीला कोंडला जातो. तोच रंग अर्ध्या लिटरच्या डब्यात काठोकाठ भरला तर साय धरायला अवकाशच राहत नाही. लहान डबा नसेल तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या गोट्या आत सोडून रंगाची पातळी वर आणता येते, किंवा मेणकागदाची गोल चकती कापून रंगावर अलगद पसरता येते. वर चमचाभर टर्पेंटाइन सोडण्याची रीतही थोडीफार उपयोगी पडते. रंगावर पाणी घालून ठेवण्याची चाल मात्र पत्र्याच्या डब्याला गंज आणते आणि पुढे ढवळताना पाणी रंगात फेटले जाते.

साय धरलीच तर थिनर ओतून ती विरघळवू पाहणे व्यर्थ आहे, कारण तेथे द्रव आटलेला नसून रासायनिक बदल पुरा झालेला असतो. सुरीने कडेकडेने कापून ती अखंड उचलावी आणि खालचा रंग ढवळून मलमलीतून गाळून घ्यावा. तो बहुधा उत्तम असतो. दाट झालेला रंग पातळ करण्यासाठी रॉकेल चालते, हा समजही असाच हट्टी आहे. रॉकेलातील जड अंश फार सावकाश उडतो, आणि त्यामुळे दार दिवसेंदिवस चिकट राहून रंगाचे तेजही उतरते.

साठवणीच्या जागेविषयी आपण फार बेफिकीर असतो. मिनरल टर्पेंटाइन ज्या तपमानाला पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, ते साधारणतः ४० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा त्याच्याही वर जातो, मग पत्र्याच्या छपराखालच्या खोलीची गोष्ट बोलायलाच नको. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते, म्हणून वरचे तावदान उघडले की काम भागले असे मानू नये. आणि डबा रिकामा म्हणजे निर्धोक, हे तर अगदी उलटे आहे: द्रव संपल्यावर उरलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रण भरल्या डब्यापेक्षा अधिक सहज भडकते.

उरलेले टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय केवळ सोयीची म्हणून कोणी क्षम्य समजू नये. तहानलेले मूल बाटलीवरचा मजकूर वाचत नाही. असा द्रव पोटात गेल्यास मुलाला ओकारी काढायला लावणे हा घरोघरचा उपचार घातक ठरतो, कारण उलटीबरोबर तो फुप्फुसांत उतरतो आणि खरी इजा तेथेच होते. ओकारी न काढता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आग लागायला ठिणगी हवी, या समजुतीलाही एक अपवाद आहे. सुतार आणि रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्या उकळलेल्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर प्राणवायूशी चाललेल्या संयोगाची उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेटू शकतात. त्या एकेक पसरून उघड्यावर वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

कुंचले धुतलेले गढूळ टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. बंद बरणीत काही दिवस ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचा नितळ भाग पुढच्या धुण्यास उपयोगी पडतो. रंगाचे टाकाऊ डबे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात गणले. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता निराळे द्यावेत.

शेवटची तजवीज जुन्या डब्यांची. रंग जुना असला तरी साय काढून वापरला की झाले, हे पुष्कळ वेळा खरे असते; पण घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या तारखेचा डबा माळ्यावर निघाला, तर त्यातील रंग कितीही ताजातवाना दिसो, त्याने पाळणा, खेळणी किंवा मुलांच्या खोलीचे दार रंगवू नका.